काजळीतला कार्बन आणि ताऱ्यातली पायरी

मंडळी, रामनवमीला इथं पोहरादेवीत होमात तूप पडतं आणि काजळी धरते. ती काजळी म्हणजे कार्बन. आणि कार्बन तयार होतो ताऱ्याच्या पोटात. हे आपण कशाच्या जोरावर म्हणतो, ते आज बघू.

हेलियमची दोन अणुकेंद्रकं जुळली की बेरिलियम-८ होतं. पण ते सेकंदाच्या कोटी-कोटीव्या भागाइतकंही टिकत नाही! तेवढ्यात तिसरं हेलियम येऊन धडकलं, तरच कार्बन. १९५३ च्या सुमारास फ्रेड हॉइल यांनी (जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू ते हेच) हिशेब मांडला, तर कार्बन जवळजवळ उरतच नव्हता. मग ते म्हणाले, कार्बनच्या केंद्रकात ७.७ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या जवळपास ऊर्जेची एक पायरी असलीच पाहिजे. ती असेल, तर तिसऱ्या हेलियमला टेकायला जागा मिळते.

आता हे तपासायचं कसं? तारा काही आपण प्रयोगशाळेत आणू शकत नाही. अमेरिकेत कॅलटेकमध्ये वॉर्ड व्हेलिंग आणि सहकाऱ्यांनी उलट्या बाजूनं वाट काढली. नायट्रोजनवर ड्यूटेरॉनचा मारा केला, की अल्फा कण बाहेर पडतो आणि मागं कार्बन राहतो. अल्फा जेवढी ऊर्जा कमी घेऊन निघाला, तेवढी कार्बनपाशी अडकली. त्यांनी अल्फाची ऊर्जा मोजली, आणि पायरी तिथंच सापडली. आम्हाला विचाराल तर या विषयातला सगळ्यात देखणा प्रयोग हाच.

पुढची पायरी मात्र अवघड आहे. कार्बनमध्ये आणखी एक हेलियम मिसळलं की ऑक्सिजन. ताऱ्यात हे साधारण ०.३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टला घडतं. दोन्ही केंद्रकं धनभारित, एकमेकांना ढकलणारी. इतक्या कमी ऊर्जेला प्रक्रिया जवळजवळ होतच नाही. म्हणून साधारण १ दशलक्षाच्या आसपास आणि वर मोजायचं, आणि आलेख खाली ताणत न्यायचा. त्यात वैश्विक किरणांचा गोंगाट. इटलीत ग्रान सासो इथं तर १४०० मीटर खडकाखाली यंत्र बसवलंय.

मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९८८ पासून १४ दशलक्ष व्होल्टचा पेलेट्रॉन आहे. पण ताऱ्यांच्या मोजमापाला दाब कमी आणि कणांचा झोत दाट लागतो, म्हणून कोलकात्याच्या साहा इन्स्टिट्यूटमध्ये ३ दशलक्ष व्होल्टचं वेगळं यंत्र उभारलं.

आपल्या शरीरात वजनानं सुमारे ६५ टक्के ऑक्सिजन, १८ टक्के कार्बन. ताऱ्यात या दोघांची वाटणी ठरवणारा तो दर अजून पुरेसा नेमका मोजला गेलेला नाही.