मुखवट्याची शिवण

गेल्या दिवाळींत गेवराई तालुक्यांतील चकलांबा येथें आत्याबाईंकडे जाण्याचा योग आला. बोलतां बोलतां त्याच तालुक्यांतील राक्षसभुवनाची गोष्ट निघाली. १७६३ सालीं थोरल्या माधवराव पेशव्यांनीं तेथें निजामाचा पराभव केला, हें मीं मुलांस सांगितलें. परंतु त्यांचें सारें लक्ष नांवांतील राक्षसाकडे! रात्रीं त्यांनीं 'झपाटलेला' हा बोलपट लावला. “सणासुदीच्या दिवशीं हें काय अभद्र?” असें म्हणून आत्याबाईंनीं तो बंद करावयास सांगितला, आणि निवाडा मजकडे आला.

विचार करतां वाटलें कीं, ही आवड कांहीं आजची नव्हे. नरसिंह अर्धा नर व अर्धा सिंह. आपल्या कित्येक गडकोटांच्या दरवाजांवर कोरलेला शरभ तर कोणत्याच एका प्राण्यासारखा नाहीं. परिचित अशा दोन रूपांचा सांधा जुळला, कीं त्यांतून अपरिचित असें तिसरें जन्मास येतें. भयाचें व नवलाचें मूळ या सांध्यांतच आहे.

या भयाचा स्वस्त व्यापार मुंबईच्या रामसे बंधूंनीं मांडला. १९७० सालच्या त्यांच्या घरच्या एका बोलपटांत पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा चढवून चोरी करतात, असा प्रसंग होता. बोलपट पडला, पण तेवढा प्रसंग प्रेक्षक रंगून पाहतात, हें बंधूंच्या ध्यानीं आलें. १९७२ सालीं 'दो गज जमीन के नीचे' निघाला. महाबळेश्वरीं बिऱ्हाड करून सारें कुटुंबच कामास लागलें. कोणी दिग्दर्शक, कोणी छायालेखक, कोणी ध्वनिलेखक. पुढें १९८४ च्या 'पुराना मंदिर'मधील अनिरुद्ध अगरवाल यांचा सामरी पुष्कळांच्या स्मरणांत राहिला. पैसा बेताचा, नामांकित नट नाहींत. म्हणून राक्षस हाच नायक!

१९९३ च्या 'झपाटलेला'चें वर्मही असेंच आहे. महेश कोठारे यांच्या या बोलपटांत एका गुंडाचा आत्मा बाहुल्यांत शिरतो. रामदास पाध्ये यांनीं घडविलेला तो तात्या विंचू अर्धा खेळणें व अर्धा खुनी. तिकडे अमेरिकेंत रॉजर कॉर्मन यांनीं २०१० सालीं शार्क व ऑक्टोपस यांचा संकर करून 'शार्कटोपस' काढला. त्याचे चाहते त्याच्या उणिवांकडे काणाडोळा करीत नाहींत. उणिवांसाठींच तो पाहतात. कां बरें? निर्दोष चित्र प्रेक्षकास स्तब्ध करतें; सांधा दिसणारें चित्र त्यास सामील करून घेतें. तो एकदां दचकतो, दोनदां हंसतो, आणि हें कसें केलें असेल, असें शेजाऱ्यास विचारतो. असा बोलपट एकट्यानें पाहण्यांत गोडी नाहीं.

आत्याबाईंची शंका मात्र पोकळ नव्हती. या बोलपटांत मांत्रिक असतो, मंत्र असतो. आणि जादूटोण्याच्या नांवाखालीं माणसें खरोखरच नाडलीं जातात, म्हणून तर महाराष्ट्रास २०१३ सालीं त्याविरुद्ध कायदा करावा लागला. तथापि, ज्याच्या मुखवट्याची शिवण दिसते, तो राक्षस कोणास फसवीत नाहीं; ज्याची दिसत नाहीं, तोच फसवितो. म्हणून मीं निवाडा दिला: बोलपट लावावा, वडील माणसांनीं सोबत बसावें, आणि बाहुला कोण हलवितो, तें मुलांस शोधूं द्यावें.

आत्याबाई बसल्या. थोड्या वेळानें धाकटी घाबरून त्यांच्या पदराआड गेली. “अगं वेडे, कोणीतरी हलवितो आहे त्याला,” असें तिला समजावीत असतां त्यांची स्वतःची नजर मात्र पडद्यावरून क्षणभरही हलत नव्हती!