चाचणीत नाव देण्याआधी

ओपीडीत नेहमीचे डॉक्टर म्हणतात, "नवीन औषधाची चाचणी सुरू आहे, तुमचं नाव घालू का?" वर्षानुवर्षांच्या विश्वासापोटी आपण मान डोलावतो. पण इथे डॉक्टरांची भूमिका बदललेली असते. एरवी कोणतं औषध द्यायचं हे ते तुमची प्रकृती पाहून ठरवतात. चाचणीत पुष्कळदा संगणक ठरवतो: काहींना नवं औषध, काहींना प्रचलित औषध किंवा औषधी गुण नसलेली, तशीच दिसणारी गोळी, म्हणजे प्लासिबो. कुणाला काय मिळालं हे अनेकदा डॉक्टरांनाही कळू देत नाहीत. औषधाचा खरा गुण तपासायला हे लागतंच. म्हणून "मला बरं वाटेल का?" याच्याही आधी विचारा: गट कोणते, आणि माझी सध्याची औषधं चालू राहतील का?

माहितीपत्रक तुम्हाला समजेल अशा भाषेत मिळायला हवं. ते घरी आणा, फॅमिली डॉक्टरांना दाखवा. वाचता येत नसेल, तर समजावून सांगताना त्रयस्थ साक्षीदार हजर असावा लागतो. त्याच्याशिवाय अंगठा उठवू नका. सही कुणाची, याला फार महत्त्व आहे. 2009-10 मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आदिवासी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस अभ्यासासाठी देताना कित्येक संमतीपत्रांवर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. संसदीय समितीने 2013 मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. ज्यांच्या दंडात सुई गेली, त्यांतल्या कित्येकींच्या घरच्यांना विचारलंच गेलं नव्हतं, ही गोष्ट विसरता कामा नये.

नकार दिला म्हणून नेहमीचे उपचार अडवता येत नाहीत. मधेच बाहेर पडायचाही हक्क आहे, कारण सांगावं लागत नाही. मात्र औषध परस्पर बंद करू नका. आधी कळवा, शेवटची तपासणी करून घ्या.

औषध-चाचण्यांबाबतच्या 2019 च्या नियमांनुसार चाचणीदरम्यान इजा झाली तर मोफत उपचार मिळतात आणि ती चाचणीमुळे झाल्याचं ठरलं तर नुकसानभरपाईही. चाचणीचा सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या चाचण्यांच्या नोंदणीतला, क्रमांक मागून घ्या. त्या सरकारी नोंदणीत कुणालाही माहिती पाहता येते. प्रवासखर्चाचं आणि बुडणाऱ्या रोजंदारीचंही संकोच न करता विचारा. माहितीपत्रकावर चाचणीवर देखरेख ठेवणाऱ्या एथिक्स कमिटीचा फोन नंबर असतो. उत्तरं टाळली जात असतील, तर सही करण्याआधीच तिथे फोन करा.