घशातली पाटीलकी

मलकापूरहून कऱ्हाडात शिरायचं म्हणजे कोयनेचा पूल ओलांडायचा. पुढे प्रीतिसंगमावर कोयना कृष्णेला मिळते. नदीकाठच्या या पट्ट्यात खिशाला परवडणारा मासा म्हणजे चिलापी. कालवणातलं तिचं डोकं चोखताना घशाच्या जागी एक त्रिकोणी हाड बोटांना लागतं. धुऊन पाहावं, तर त्यावर किसणीसारखे बारीक दात दिसतात. ताटाच्या कडेला टाकलेल्या या हाडाने मत्स्यशास्त्रज्ञांना वर्षानुवर्षे चकवलं.

चिलापीला जबडे दोन. तोंडातला पकडायला, घशातला भरडायला. कल्ल्यांच्या शेवटच्या कमानीची दोन हाडं एकमेकांत जुळून खालचं जातं झालं. वरची तळी कवटीच्या बुडाशी सांध्याने टेकली. आणि कवटीपासून निघालेले स्नायू खालच्या जात्याला वर ओढू लागले. दळण घशात गेल्यामुळे तोंड मोकळं झालं. शेवाळ खरवडा, किडे टिपा, नाही तर पिलांना तोंडात सांभाळा. चिलापीची मादी अंडी तोंडातच उबवते.

अगदी असंच जातं समुद्रातल्या रॅस नावाच्या माशांच्या घशात असतं. लिनियसने 1758 मध्ये यांच्यातल्या एका गटाला ‘लॅब्रस’ हे नाव दिलं. लॅटिनमध्ये लॅब्रम म्हणजे ओठ. जाड ओठांचं, भडक रंगांचं हे कूळ 500 हून अधिक जातींचं. बोटाएवढा सफाईवाला रॅस दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी टिपून पोट भरतो, तर दोन मीटरच्या घरात जाणारा कुबडा रॅस शिंपले फोडून खातो. पुष्कळ जाती मादी म्हणून वाढतात आणि पुढे नर होतात.

मत्स्यशास्त्रज्ञ लेस कॉफमन आणि कारेल लीम यांनी 1982 मध्ये या जात्यावर बोट ठेवलं. इतकी गुंतागुंतीची रचना पुन्हा पुन्हा थोडीच घडणार, या हिशेबाने चिलापीचं सिक्लिड कूळ, रॅस आणि आणखी दोन कुळं एका उपगणात बसली.

सातारा-सांगलीच्या माणसाला इथे पाटील आठवावेत. पाटील मराठा आहेत, जैन आहेत, लिंगायत आहेत. गावोगावी पाटीलकीचं काम होतं, ते ज्या घराकडे आलं त्या घराला नाव चिकटलं. म्हणून काही सगळे पाटील एका आजोबांची नातवंडं ठरत नाहीत. घशातल्या जात्याचंही तसंच निघालं. डीएनएच्या अभ्यासातून 1990 च्या दशकातच शंका डोकावू लागली. 2012 मध्ये पीटर वेनराइट आणि सहकाऱ्यांनी वंशावळ मांडली, तेव्हा हे जातं काटेरी पंखांच्या माशांत किमान सहा वेळा स्वतंत्रपणे घडल्याचं दिसलं. चिलापीची जवळची भावकी निघाली बोय आणि उडते मासे यांची. या गोतावळ्यातल्या अनेकांच्या अंड्यांना चिकट तंतू असतात. रॅस दूरचा निघाला.

रॅसच्या घरात मात्र उलटं घडलं. प्रवाळ कुरतडून वाळू विष्ठेतून टाकणारा पोपटमासा पूर्वी वेगळं बिऱ्हाड मानला जाई. डीएनएने त्याला रॅसच्या वंशवृक्षाच्या मधल्याच फांदीवर बसवलं. चोच वेगळी म्हणून वेगळा काढलेला हा घरचाच मुलगा. रॅसचं घराणं तसं जुनं. इटलीत मॉन्टे बोल्का इथे सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात त्यांचे ठसे सापडतात.

चिलापी आपल्याकडची नव्हे. आफ्रिकेतली ही जात भारतात 1952 साली आणली गेली. पण तिच्या कुळातला एक मासा इथलाच आहे: गोव्याच्या खाड्यांतला काळुंदर. भारताबाहेरचे त्याचे सर्वांत जवळचे नातलग राहतात मादागास्करमध्ये. भारत आणि मादागास्कर एकेकाळी जोडलेले होते. मासे भूखंडासोबत वेगळे झाले की नंतर समुद्र ओलांडून पसरले, हा वाद अजून मिटलेला नाही.

या पाटीलकीला मोलही द्यावं लागतं. घशात जातं बसलं की मोठा घास चटकन उतरत नाही. व्हिक्टोरिया सरोवरात 1950 च्या दशकात नाईल पर्च सोडला. तो घशात जातं नसलेला, अख्खा मासा भराभर गिळणारा. मासे खाऊन जगणारे तिथले सिक्लिड या शर्यतीत मागे पडले आणि त्यांच्या अनेक जाती नाहीशा झाल्या.

पुढच्या वेळी चिलापीचं ते हाड टाकण्याआधी उजेडात धरून पाहा. ते कशासाठी घडलं, हे त्यावरचे दात सांगतील. सोयरे कोण, हे विचारायला मात्र वंशावळच उघडावी लागेल.