नफाच नाही, तर सूट कशावर?

लेखमाला : पगार, घर आणि कर (भाग ४)

मागच्या भागात आयकर कायद्यातले ८०-आयबीए हे कलम आपण पाहिले. परवडणारी घरे बांधणाऱ्या बिल्डरला २०१६ साली नफ्यावर शंभर टक्के वजावट मिळाली. महानगरांबाहेर अट होती किमान दोन हजार चौरस मीटर भूखंडाची. २०१९ पासून नव्वद चौरस मीटरपर्यंतचे, ४५ लाखांच्या आतले घर त्यात बसू लागले. २०२१ मध्ये भाड्याच्या घरांच्या अधिसूचित प्रकल्पांनाही दार उघडले, पण मंजुरीची मुदत ३१ मार्च २०२२ लाच संपली. आता हीच सवलत शिक्षकांच्या घरांसाठी पुन्हा द्यावी, असे सुचवणे सोपे आहे. बीड जिल्ह्यातल्या आष्टीत मात्र तिचा उपयोग जवळपास शून्य.

हिशेबच करू. डी.एड. झालेल्या प्राथमिक शिक्षकाचे मूळ वेतन २९,२०० रुपयांपासून सुरू होते. आष्टीसारख्या ठिकाणचा घरभाडे भत्ता दहा टक्के धरला, तरी महिन्याला २,९२० रुपये, म्हणजे वर्षाला ३५,०४०. जागेसकट घर दहा लाखांत उभे राहिले असे समजा. हा सगळा भत्ता भाड्यात गेला, तरी मालकाच्या हाती साडेतीन टक्के पडतात. बँकेतली मुदत ठेव बरी! कर शंभर टक्के माफ केला, तरी या साडेतीनाचे चार होत नाहीत. आणि शिक्षणसेवकाचे तर ठरावीक मानधन, २०२३ च्या वाढीनंतरही प्राथमिकला सोळा हजार. पुण्यात सवलतीने नफा फुगतो; इथे फुगायला मुळात नफाच नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: गुरुजींना घर नकोच आहे, भत्ता घेऊन ते नगरहून ये-जा करतात. ऑगस्ट २०२२ मध्ये गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी विधानसभेत हाच मुद्दा काढला आणि शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या. आक्षेपात तथ्य आहे. मुलांचे शिक्षण, जोडीदाराची नोकरी यांसाठी माणूस शहर धरतो. त्यावर घर हा पुरता उतारा नव्हे. पण वस्तीवरच्या शाळेजवळ भाड्याने दोन धड खोल्या मिळत नसतील, तर मुख्यालयी राहण्याची सक्ती ग्रामसभेच्या ठरावाच्या कागदापुरतीच उरते. म्हणून घरे गावोगाव नकोत. आष्टी आणि कडा इथे बांधावीत, आणि मुख्यालयाची अटही तेवढी सैल करावी.

दुसरा आक्षेप तिजोरीचा. तो नफ्यावरच्या सरसकट माफीला लागू पडतो. घरात शिक्षक राहतो तोवरच भाड्याच्या उत्पन्नावर मिळणाऱ्या सवलतीला फारसा नाही. कॅलिफोर्नियाने २०१६ साली कायदा करून शाळा-जिल्ह्यांना आपल्या जमिनीवर शिक्षकांसाठी राखीव घरे बांधण्याची आणि त्यासाठी करसवलतीचा पैसा वापरण्याची वाट मोकळी केली. आपल्याकडे जिल्हा परिषदेने जागा नाममात्र भाड्याने दिली आणि त्याच घराचा खर्च सहा लाखांवर आला, तर तेच ३५,०४० रुपये पावणेसहा टक्क्यांच्या पुढे जातात. तिथे करमाफीला अर्थ येतो. तलाठी, आरोग्यसेविका यांनाही तीच घरे खुली ठेवावीत. रिकामी खोली कुणाच्याच कामाची नाही.

तेव्हा आधी जमीन, मग सवलत. जिल्हा परिषदेची जागा भाडेपट्ट्याने देण्याचा अधिकार कुणाचा आणि त्यात अडते कुठे, ते पुढच्या आठवड्यात.