जुन्या मोटरसायकलीचे सस्पेन्शन : नळीच्या आतली सुधारणा

मोटरसायकलीच्या इतिहासात मागच्या चाकाला वरखाली हलण्याची मोकळीक इंजिनाच्या प्रगतीच्या मानाने फार उशिरा मिळाली. पुढच्या चाकासाठी तेलाने दमन होणारा टेलिस्कोपिक फोर्क, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची जोडी, बीएमडब्ल्यूने १९३५ मध्येच बाजारात आणला होता. तरीही दुसरे महायुद्ध संपले तेव्हा बहुतेक ब्रिटिश गाड्यांचे मागचे चाक थेट चेसिसला जखडलेले असे आणि खड्ड्याचा धक्का सीटखालच्या स्प्रिंगांवरच निभावून न्यावा लागे. बेलफास्टच्या रेक्स मॅककँडलेस यांनी अशा ताठ चेसिसला मागे स्विंगआर्म, म्हणजे एका टोकाला खिळीवर फिरणारा व दुसऱ्या टोकाला चाक धरणारा दांडा, जोडण्याची पद्धत विकसित केली. त्याच विचारातून घडलेल्या नॉर्टनच्या ‘फेदरबेड’ चेसिसवर जेफ ड्यूक यांनी १९५० ची सीनियर टीटी शर्यत जिंकली. रॉयल एनफिल्डची स्विंगआर्म असलेली बुलेट १९४८ च्या कोलमोर कप स्पर्धेत उतरली होती आणि १९५५ पासून तिच्या भारतीय निर्मितीला मद्रास येथे सुरुवात झाली.

मॅककँडलेस यांच्या काळात सुधारणा म्हणजे चेसिस कापून नवी रचना जोडणे होते. आज त्या काळची गाडी ऐतिहासिक वस्तू ठरल्यामुळे सुधारणेची जागा नळीच्या आत, बाहेरून न दिसणाऱ्या भागांत शोधावी लागते. त्याआधी मूळ सस्पेन्शन खरोखर अपुरे आहे की केवळ झिजले आहे, हे ठरवणे आवश्यक असते. स्विंगआर्मचे बुश ढिले असतील, हँडलच्या कोनसेटमध्ये, म्हणजे बेअरिंगच्या वाट्यांमध्ये, खाचा पडल्या असतील किंवा फोर्कमधील तेल काळे पडून पातळ झाले असेल, तर महागडे शॉकॲब्सॉर्बर बसवूनही गाडी वळणावर डोलतच राहते.

दुरुस्तीनंतर क्रम येतो स्प्रिंगचा. स्वार बसल्यावर सस्पेन्शन किती दबते, या मापाला ‘सॅग’ म्हणतात आणि रस्त्यावरील गाडीत ते एकूण हालचालीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश असावे, असा संकेत आहे. फोर्कच्या चकचकीत नळीवर एक केबल टाय घट्ट बसवून तो तेलसीलपर्यंत खाली सरकवला आणि स्वार अलगद बसून उतरल्यावर चाक जमिनीवरून उचलले, की टाय व सील यांमधील अंतर हेच सॅग ठरते. स्प्रिंगवर आधीच दिलेला दाब, म्हणजे प्रीलोड, वाढवला तर गाडीची उंची बदलते, परंतु स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही. म्हणून स्वाराच्या वजनाला न पेलणारी स्प्रिंग बदलावीच लागते.

स्प्रिंगची उसळी आवरण्याचे, म्हणजे दमनाचे, काम तेल करते. जुन्या साध्या फोर्कमध्ये ते ‘डॅम्पर रॉड’ या आतल्या पोकळ दांड्याच्या ठरावीक आकाराच्या छिद्रांतून ढकलले जाते आणि त्याचा विरोध वेगाच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे ब्रेक लावताना फोर्क सहज खाली बसतो, पण धारदार खड्ड्यावर तोच फोर्क अचानक ताठरतो. जाड तेल घातल्याने पहिला दोष कमी होतो आणि दुसरा वाढतो. यावरचा उपाय म्हणजे डॅम्पर रॉडच्या माथ्यावर बसणारी छोटी झडप, जी ‘कार्ट्रिज इम्युलेटर’ या नावाने मिळते. ठरावीक दाबानंतर ती उघडून तेलाला जादा वाट देते. ती बसवताना रॉडची छिद्रे मोठी करावी लागतात, म्हणून मूळ रॉड जपून ठेवून दुसऱ्या रॉडवर ड्रिल चालवणे श्रेयस्कर ठरते.

मागच्या शॉकॲब्सॉर्बरबाबत लांबीचे भान अधिक महत्त्वाचे आहे. १३७० मिमी व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांच्या अक्षांमधील अंतर, असलेल्या बुलेटचा मागचा भाग जास्त लांब शॉकॲब्सॉर्बरमुळे २५ मिमी उचलला गेला, तर संपूर्ण गाडी सुमारे १ अंशाने पुढे कलते, फोर्क तेवढाच उभा होतो आणि ‘ट्रेल’ घटतो. हँडलचा अक्ष वाढवला असता जमिनीला जिथे मिळतो आणि टायर जिथे टेकतो, त्या दोन बिंदूंमधील अंतर म्हणजे ट्रेल. ते घटल्यावर हँडल हलके होते, पण सरळ रस्त्यावरची स्थिरता उणावते.

मूळ रचना न बदलण्याच्या दिशेनेच कायदाही बोट दाखवतो. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील वाहनाला ‘व्हीए’ मालिकेतील विंटेज क्रमांक मिळू शकतो; चेसिस, बॉडी किंवा इंजिनात फेरफार केलेल्या वाहनाला ही वाट बंद होते. आंतरराष्ट्रीय जुन्या वाहन महासंघाच्या, म्हणजे फिवाच्या, तुरीन सनदेनेही आवश्यक बदल मूळ रचनेला कमीत कमी धक्का लावणारे व पूर्ववत करता येण्याजोगे असावेत, असा आग्रह धरला आहे. मोनोशॉकसाठी, म्हणजे मागे एकच शॉकॲब्सॉर्बर बसवण्यासाठी, चेसिस कापणारा या दोन्ही कसोट्यांवर नापास होतो. योग्य स्प्रिंग, ताजे तेल आणि नळीतली झडप यांवर थांबणाऱ्याला मात्र सुरक्षितता व अस्सलपणा यांपैकी एकाचीच निवड करावी लागत नाही.