वसईच्या वाडीत लिंबाच्या वासाची मिरची

मिरचीवाचून आपल्या कालवणाची कल्पनाही करवत नाही. तथापि हे पीक मूळचे अमेरिका खंडातील असून पोर्तुगीजांच्या काळात ते आपल्या किनाऱ्यावर आले. इ. स. १५३४ ते १७३९ पर्यंत वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. परकी मिरची इथल्या घरांत किती रुजली, याची साक्ष उन्हाळ्यात कुटून बाटल्यांत भरला जाणारा ईस्ट इंडियन समाजाचा 'बाटली मसाला' देतो.

त्याच मिरचीची एक बहीण पेरू देशात पिकते. तिचे शास्त्रीय नाव कॅप्सिकम बॅकेटम. फळ बोटाएवढे लांब व सुरकुतलेले असून पिकल्यावर लिंबासारखे पिवळे होते. आपल्या नेहमीच्या मिरचीचे फूल निव्वळ पांढरे असते. हिच्या पाकळ्यांवर पिवळसर हिरवे ठिपके असतात. रोप ओळखण्याची ही सोपी खूण होय.

बी उगवण्यास दोन ते तीन आठवडे लागतात, म्हणून घाई करू नये. श्रावण-भाद्रपदात पावसापासून आडोसा केलेल्या गादीवाफ्यावर बी पेरावे. सहा-सात आठवड्यांची रोपे पाऊस ओसरल्यावर अडीच फूट अंतराने लावावीत. केळीची दाट सावली टाळावी. झाड कमरेपेक्षा उंच वाढते, म्हणून काठीचा आधार द्यावा. पाणी साचल्यास मुळे कुजतात. विहिरीचे पाणी मचूळ असल्यास वाढ खुंटते. पाने आकसू लागल्यास तो बोकड्या रोग समजावा व असे झाड उपटून नष्ट करावे. हा रोग पसरविणाऱ्या किडींसाठी निंबोळी अर्क फवारावा.

गृहिणींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या मिरचीत लिंबाचा वास आहे, आंबटपणा नाही. कालवणात चिंच अथवा कोकम घालावेच लागेल. फार शिजविल्यास वास उडून जातो. यास्तव ती बारीक चिरून, बोंबलाचे कालवण उतरविताना घालावी. पेरू देशात लिंबाच्या रसात मुरविलेल्या कच्च्या मासळीत मिरची घालतात. आपल्याकडे ती कोशिंबिरीत, चटणीत व लोणच्यात शोभेल. तिखटपणा पुष्कळ असल्याने प्रथम अर्धीच मिरची वापरावी. मसाल्याला लाल रंग देणाऱ्या मिरचीची जागा मात्र ती घेऊ शकत नाही.

शेवटची सूचना महत्त्वाची आहे. वसईची वाडी लहान, आणि शहराच्या वाढीने ती आणखी आकुंचित होत आहे. अशा जमिनीतील एक वाफाही वाया जाणे परवडणारे नाही. नवे पीक पाहून भाजीपाल्याचे हुकमी वाफे मोडू नयेत. पहिल्या वर्षी दहाच झाडे लावावीत, फळे घरी व ओळखीच्या गिऱ्हाइकांस द्यावीत आणि मागणी आली तरच लागण वाढवावी. मधमाश्यांमुळे परागांची सरमिसळ होते. म्हणून बियाण्यासाठी राखलेल्या फांदीवरील कळ्या उमलण्यापूर्वी पातळ मलमलीच्या पिशवीने झाकाव्यात व फळ धरताच तेथे दोरा बांधून खूण ठेवावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशा दहा झाडांची लागणीची तारीख, तोडे व मिळालेला भाव यांची नोंद ठेवल्यास पुढील शेतकऱ्यास ऐकीव माहितीवर विसंबून राहावे लागणार नाही.