वीस टन शेंगदाणे आणि सात भाग

२००७च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीच्या कार्यालयात शेंगदाण्यांच्या थप्प्या लागू लागल्या. पाठवणारे होते ‘जेरिको’ मालिकेचे प्रेक्षक. अणुहल्ल्यांत मोठी शहरं बेचिराख झाल्यावर कॅन्ससमधलं एक छोटं गाव कसा तग धरतं, याची ती गोष्ट. पहिल्या सीझनच्या शेवटच्या भागात ‘शरण या’ म्हणणाऱ्या शत्रूला नायक एका शब्दात उत्तर देतो: ‘नट्स!’ दुसऱ्या महायुद्धात बास्टोनला वेढा घालणाऱ्या जर्मनांना अमेरिकी सेनानी मॅकऑलिफ यांनी दिलेलं हेच उत्तर. आपल्या भाषेत ‘गेलात उडत!’ या शब्दाचा सरळ अर्थ मात्र दाणे. ऐन लढाईत गोष्ट सोडून मालिका बंद झाली, तेव्हा प्रेक्षकांनी तेच उत्तर वीस टनांहून जास्त वजनाने पोहोचवलं. वाहिनी नमली. पण दिले ते फक्त सात भाग.

इतका जीव लावणारा प्रेक्षक असताना मालिका का बंद पडते? कारण सीबीएससारखी नेटवर्कं जगतात मुख्यतः जाहिरातींवर, आणि जाहिरातदाराला ती विकतात प्रेक्षक. तोही सरसकट नाही. भाव तेव्हा १८ ते ४९ या वयोगटाला होता. त्यामुळे घरोघरी आजी-आजोबा आवडीने बघत ती मालिका धोक्यात यायची आणि कमी पण तरुण प्रेक्षकांची तगायची. मोजणी करायची नील्सन ही संस्था, निवडक घरांवरून. ‘जेरिको’ अनेकजण रेकॉर्ड करून किंवा संगणकावर बघत, आणि अशा बघण्याला तेव्हा बाजारात फारशी किंमत नव्हती. म्हणूनच मालिका परत आणताना वाहिनीचं चाहत्यांना सांगणं होतं, ठरल्या वेळी टीव्हीसमोर बसा आणि आणखी माणसं आणा.

मालिका बंद करण्याआधी वाहिनीनेच ऐन हिवाळ्यात ती दोन महिन्यांहून जास्त थांबवली होती आणि परत आणली ती थेट ‘अमेरिकन आयडॉल’समोर. मग प्रेक्षक गळाले याचं खापर लेखक-कलाकारांवर फोडणं मला अन्यायाचं वाटतं. ‘स्टार ट्रेक’चंही तेच झालं. १९६८मध्ये पत्रांचा पाऊस पडल्यावर एनबीसीने तिला तिसरा सीझन दिला, पण वेळ दिली शुक्रवारी रात्री दहाची. तरुण मंडळी तेव्हा घरी कशाला असतील? १९६९मध्ये ७९ भागांवर मालिका संपली.

त्याच ७९ भागांनी पुढे स्थानिक वाहिन्यांवरच्या पुनःप्रसारणात घर केलं. खरा पैसा तिथेच असायचा. त्यासाठी सहसा शंभराच्या आसपास भाग हाताशी लागत, म्हणून तिसऱ्या सीझनला धापा टाकणारी मालिकाही पुष्कळदा चौथा मिळवायची. हा पैसा जातो मालिकेच्या मालकाकडे, म्हणून आता यात मालकीचा प्रश्न येतो. नेटवर्कांवर आपण दाखवतो त्या मालिकांची मालकी ठेवण्याबाबत १९७०च्या दशकापासून निर्बंध होते. १९९०च्या दशकात ते उठले. तेव्हापासून घरच्या स्टुडिओची मालिका कमी प्रेक्षकांवरही निभावून नेली जाते, बाहेरचीला तेवढी सवलत नाही. सोनीची ‘टाइमलेस’ एनबीसीने २०१७च्या मे महिन्यात बंद केली आणि स्टुडिओशी नव्याने बोलणी होताच तीन दिवसांत परत घेतली. त्या तीन दिवसांत प्रेक्षक एकानेही वाढला नव्हता.

‘जेरिको’च्या त्या सात भागांसाठी शेवट दोन चित्रित केले होते: एक गोष्ट पुढे नेणारा, एक मिटवणारा. २५ मार्च २००८ला मिटवणारा दाखवला गेला.